घरटी एक कार्ड

आमच्या जिल्ह्यात डॉक्टरांची एक संघटना आहे. ही मंडळी गावोगाव जातात, कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते समजावून सांगतात, रक्त तपासतात, हृदयाचं दुखणं यायच्या आधी काय करायचं ते सांगतात. त्यांच्यातले अंबडचे डॉक्टर मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर जे बेतलं ते लिहून द्या. शिबिरात बायकांना वाचून दाखवू. फक्त आमचं कौतुक नको." मी म्हणलं, कौतुक करायला सवड कुणाला आहे? मी अजून घाबरलेली आहे.

तर घाबरत घाबरतच लिहिते. माझं नाव शोभा. वडीगोद्रीला हायवेवर आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, मागं शेती आहे. वय त्रेपन्न, अंगानं काडी. तोंडानं फटकळ आहे असं सासर-माहेर दोन्हीकडचे म्हणतात, ते काही खोटं नाही. आणि अशा फटकळ बाईनं एक साधी गोष्ट सहा महिने तोंडातून बाहेर काढली नाही. त्यापायी मी मरता मरता राहिले.

मांडव आमचा, माइक आमचा

उन्हाळ्यात शाळेत शिबिर ठेवलं होतं. मांडव, सतरंज्या, चहा, सगळं आमच्या ह्यांच्याकडं. गावात ह्यांना नाना म्हणतात. माइक हातात आला की नाना तो सहजासहजी सोडत नाहीत.

आठवडाभर आधी रक्त तपासणीची नंबराची कार्डं वाटायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला द्या, बायकांना आवर्जून द्या. पण वाटणारी माणसं आमचीच ना! लग्नाची पत्रिका घरटी एक. मयतीला घरटी एक माणूस गेला की झालं. गावच्या पंगतीला वर्गणी घरटी. त्याच हिशेबानं रक्तालाही घरटी एक कार्ड देऊन मोकळे झाले. आणि घरात एकच कार्ड आलं तर ते कुणाच्या नावाचं, हे काय सांगायला पाहिजे?

शिबिराच्या दिवशी सकाळी काही खायचं नव्हतं, चहासुद्धा नाही. ह्यांनी उठल्या उठल्या सवयीनं दोन टोस्ट बुडवून चहा घेतला. मग शाळेत जाऊन माइकवर ओरडून राह्यले, "ज्यांनी चहा घेतला असंल त्यांनी जल्दी घरचा रस्ता धरावा! डॉक्टरसाहेबांचा टाइम खराब करू नका!"

मी मांडवामागं चहाच्या पातेल्यापाशी. हे घाईघाईनं आले.

"शोभा, तू काही खाल्लं का?"

"अजून देवपूजा व्हायचीय. काय खाते?"

"मंग हे घे. माझा नंबर पुकारून राह्यले. जाय, देऊन ये रक्त."

"मी? कार्ड तुमचं हाय ना!"

"घरातलं एक गेलं की झालं. मी चहा पिऊन बसलो. आता चार लोकांत कसं सांगू?"

चहा हे अर्धं कारण. खरं म्हणजे आमच्या ह्यांना सुईची भीती. दांडक्यानं नाग उचलून बांधाच्या पलीकडं टाकतील, पण इंजेक्शन म्हणलं की पाय गळतात. मला हसू आलं. मी पदराला हात पुसले आणि जाऊन बसले. रांग पार दाराबाहेर गेलेली. त्या पोरीनं नंबर बघितला, नळीवर नंबर चिकटवला, माझी शीर शोधली. माझ्या तोंडाकडं बघायला तिला सवड नव्हती. तिला मी दोष देत नाही.

ते हसणं

चार दिवसांनी मी दुकानात डबा घेऊन गेल्ते. तेवढ्यात अंबडच्या डॉक्टरांचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला.

"नाना, तुमचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं आहे. असं अंगावर काढून चालणार नाही. उद्याच्या उद्या या. आणि येताना वहिनींनाही आणा, त्यांचंही तपासून घेऊ."

फोन ठेवला तेव्हा ह्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. खताच्या गोणीवर मटकन बसले. मीही घाबरले. दोघंही आम्ही खरोखर विसरलो होतो. मग एकदम ह्यांच्या लक्षात आलं, आणि हे हसले. जीव भांड्यात पडल्यावर माणूस हसतो ना, तसं, खदाखदा.

"अगं, ते माझं कुठंय! मी तर दिलंच न्हाई!"

मीही हसले. खरं सांगते, हसले. नवरा वाचला म्हणून हसले. मग दोघांचंही हसू मधेच थांबलं, कारण रक्त कुणाचं ते दोघांनाही माहीत होतं.

"मशीनचं काय खरं असतंय," हे म्हणाले. "तुझ्यासारख्या काडीला कोलेस्टेरॉल कुठून येईल? पेरण्या होऊ दे. बियाण्याची गर्दी सरली की तुझं तुझ्या नावानं बराबर तपासून आणू."

मी म्हणलं, "बरं."

आता लोक ह्यांना बोलतात, बोलू देत. पण त्या "बरं"मध्ये माझाही वाटा होता. मला तपासायचंच नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना माझे वडील सकाळी गोठ्यातून आले, छातीवर हात ठेवून ओसरीवर बसले आणि बसल्या जागी गेले. अठ्ठेचाळीस वय. माणसं म्हणाली, कुणीतरी करणी केली. मी तेव्हाही ते मानलं नव्हतं. कळ माझ्या डोळ्यांदेखत आली होती. तेव्हापासून छाती, हृदय, अटॅक हे शब्द कुणी काढले की मी उठून स्वयंपाकघरात जाते. इतकी वर्षं मी अशीच उठून जात आले.

चुकीचं ताट

रिपोर्टची बातमी ह्यांच्याच नावानं घरी पोचली. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, पण घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ह्यांची भाजी वेगळी करायला लावली. तेल चमच्यानं मोजायचं. शेंगदाण्याचं कूट बंद. साय बंद. तळलेलं तर बिलकुल नाही. सून अश्विनी बिचारी मोबाइलवर बघून बघून ह्यांच्यासाठी कायकाय उकडायची. संध्याकाळी मुलगा बळजबरीनं ह्यांना हायवेच्या कडेनं चालायला धाडायचा.

आणि मी? ह्यांच्यासाठी बाजूला काढलेली सायीची वाटी कोण खाणार? मी. ठेच्यावर कच्च्या तेलाची धार धरणार कोण? मी. टाकवत नाही ना आपल्याला काही. ह्यांचं पथ्य पाळून जे उरायचं ते सगळं माझ्या पोटात जायचं, आणि ते खाताना प्रत्येक घास मला कळायचा. हे मी कुणाला सांगितलं तर पटणार नाही. माहीत असून कोण खाईल? पण मी खाल्लं. न खावं तर अश्विनी विचारील, का नाही खाल्लं, आणि मग सगळंच निघेल.

आत्याबाईंनी हट्टानं धाडलं म्हणून हे एकटेच अंबडला जाऊन आले होते, आणि शिबिराच्या रिपोर्टवरून डॉक्टरांनी ह्यांना गोळ्या दिल्या होत्या. पहिल्या दिवशी आत्याबाईंसमोर हे गोळी तोंडात टाकून बाहेर गेले आणि थुंकून आले. मग मला एकीकडं बोलावून पाकीट हातात दिलं. "तुझ्याच हायेत ह्या. घेत जा."

दहा दिवस घेतल्या. मग मांड्या दुखायला लागल्या. गोळीनं दुखतात की कामानं, ते विचारायचं कुणाला? डॉक्टरांकडं जाऊन काय म्हणू, नवऱ्याच्या गोळीनं माझे पाय दुखतात? भीतीनं मी पाकीट डाळीच्या डब्यामागं सारलं. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पेरण्या झाल्या, फवारण्या झाल्या, पोळा झाला. "पुढच्या सोमवारी जाऊ" असे किती सोमवार गेले. दसऱ्यानंतर मला जिना चढताना दम लागायला लागला. जेवल्यावर जबड्यात काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. मी ओवा खायची, सोडा प्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. एकटी असले की छातीवर हात ठेवून ठोके मोजायची. ते चुकतायत असं वाटायचं. मग मोजणं थांबवायची, कारण मोजताना जास्त भीती वाटायची.

कासाराचं दुकान

तुळशीचं लग्न झालं आणि पुतणीच्या लग्नाची तारीख आली. दुपारी मी आणि अश्विनी अंबडला गेलो, बांगड्या भरायला. अंबडचे कासारमामा आमच्या घरच्या बायकांना तीस वर्षांपासून बांगड्या भरतात. हात नुसता दाबला की माप सांगतात.

उजवा हात भरून झाला. हिरव्यागार, अंगासरशा. मग मामांनी डावा हात धरला, आणि दुसरी बांगडी चढवताना हात असा दुखायला लागला की मी ओरडलेच.

"मामा, जरा हळू! माप छोटं घेतलं का काय?"

मामांनी हात थांबवला. बांगडी चढवायची सोडून त्यांनी माझा पंजा दोन्ही हातांत धरला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बाई, हात गार पडलाय तुमचा. आन घाम फुटलाय. हे बांगडीचं दुखणं न्हाई." अश्विनीकडं वळून म्हणाले, "पोरी, उठ. हितून पाचव्या दुकानावर दवाखाना हाय. जल्दी ने. मी येतो संगं."

मी म्हणत होते, ॲसिडिटी आहे, सोडा प्यायला की बरं वाटंल. मामांनी ऐकलं नाही. गिऱ्हाईक दुकानात तसंच बसलेलं सोडून त्या म्हाताऱ्यानं मला दंडाला धरून नेलं. तीस वर्षं बायकांचे हात हातात घेतलेला माणूस, त्याला ते कळलं. माझ्या घरात कुणाला कळलं नव्हतं, मला कळूनही मी कळू दिलं नव्हतं.

दोन वेळा "न्हाई"

दवाखाना त्याच डॉक्टरांचा निघाला, शिबिरातल्या. मला पलंगावर झोपवलं, छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर पट्टी बराच वेळ बघत होते.

"थोडं इकडंतिकडं वाटतंय, पण ठाम काही दिसत नाही. वहिनी, तुमचं कोलेस्टेरॉल कधी तपासलंय?"

अश्विनी माझ्या उशाशी उभी होती.

"न्हाई," मी म्हणलं.

"बीपी, शुगर?"

"काही न्हाई."

"वडील कशानं गेले?"

"म्हातारपणानं."

बघा! जीव जायची वेळ आली आणि मी खोटं बोलले. कशापायी? नवऱ्याची फजिती सुनेसमोर नको म्हणून. आणि खोटं बोलल्यावर आपण बऱ्या आहोत असं मलाच थोडं वाटायला लागलं म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. पित्ताचं इंजेक्शन देतो. रक्त पाठवतो. तासाभरानं पुन्हा पट्टी काढू, तोवर हलायचं नाही." मी जे सांगितलं त्यावरून कुणीही हेच केलं असतं.

अर्ध्या तासात हे आले. दुकान उघडं टाकून मोटारसायकलवर आले होते, केस धुळीनं भरलेले. डॉक्टरांनी ह्यांना ओळखलं.

"नाना, या. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? वहिनींना घेऊन या म्हणलं होतं तुम्हाला. ह्यांचं आधी कधी काही निघालं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. मला सुटायचं होतं त्यातनं, आणि हे बोलले तर मी सुटणार होते. ह्यांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई. तसं काही न्हाई."

त्याच क्षणी जबड्यातली ओढ पुन्हा आली. ह्या वेळी ती दंडातून पाठीत उतरली. कपाळावरून घाम डोळ्यांत गेला. मी इतकी घाबरले, इतकी घाबरले की मला माझे हातपाय परके वाटायला लागले. मरताना पोरंबाळं आठवतात, देव आठवतो म्हणतात. मला काय आठवावं? मला वाटलं, मी आत्ता गेले तर उद्या माझ्या मयतीला आलेली माणसं म्हणतील, नानाच्या दुखण्याची काळजी करून करून गेली बिचारी! आणि हे मान खाली घालून ऐकून घेतील. त्या विचारानं मला जो राग आला, त्या रागानं माझं तोंड उघडलं.

"डॉक्टर, नानांचा रिपोर्ट माझा आहे. शिबिरात रक्त मी दिलं होतं. तुमच्या गोळ्या मी दहा दिवस घेऊन सोडल्या. आणि माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. डोळ्यांनी बघितलंय मी."

अश्विनीनं तोंडावर हात धरला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी लगेच माझ्या तोंडात गोळ्या घातल्या, "चावा, चावून खा" म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं जालन्याला फोन लावला. गाडी यायच्या आधी दुसरी पट्टी काढली. ती पट्टी पहिलीसारखी नव्हती, हे मला त्यांच्या तोंडावरून समजलं.

नंतर त्यांनीच सांगितलं, "वहिनी, मी तासभर थांबा म्हणलं होतं. तो तास तुमच्याकडं नव्हता."

जालना

अंबड ते जालना रस्ता मी शेकडो वेळा गेलेय. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या छताकडं बघत गेले. अश्विनी माझा हात धरून बसली होती आणि सारखी विचारत होती, "मम्मी, दुखतंय का?" मी पहिल्यांदा "हौ" म्हणलं. हे पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागं वळून बघितलं नाही.

मोठ्या दवाखान्यात सगळी घाई. मनगटातून तार घालून हृदयापर्यंत नेणार म्हणाले, उजव्या मनगटातून. आणि उजवा हात तर नव्या बांगड्यांनी गच्च भरलेला, काढता येईना. मंगळसूत्र अश्विनीच्या हातात काढून दिलंच होतं. आता बांगड्या फोडणार म्हणल्यावर मला रडू फुटलं. असल्या वेळी असलं काय रडायचं? पण नवरा दाराबाहेर उभा आणि आपले हात रिकामे होणार, हे आमच्याकडच्या बाईला सहन होत नाही. मला वाटलं, आता परत येत नाही आपण.

तिथली सिस्टर, माझ्या लेकीच्या वयाची, तिनं साबणाचं पाणी लावलं आणि एकेक बांगडी भराभर ओढून काढली. दोन फुटल्या.

"फुटल्या?" मी विचारलं.

"वाढवल्या मावशी," ती म्हणाली. "बाकीच्या नीट पिशवीत ठेवते. घरी जाताना घालून जायच्या."

तिचं नाव विचारायचं राहिलं. तिनं "वाढवल्या" म्हणलं म्हणून मी आत गेले, एवढं मात्र खरं.

आतलं फार सांगत नाही. गार खोली होती, पडद्यावर माझं हृदय हलत होतं, मी डोळे मिटून घेतले. एक नळी जवळजवळ बंद झाली होती, ती उघडून आत स्प्रिंग बसवली. मी सगळा वेळ शुद्धीवर होते. एकदा डॉक्टर एकमेकांत हळू बोलायला लागले तेव्हा वाटलं, माझं संपलं. ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलत होते.

आयसीयूत

आयसीयूत घाबरायला भरपूर वेळ असतो. दर आवाजाला वाटतं, हा आपल्या मशीनचा. शेजारच्या पलंगावर केदारखेड्याचे एक बाबा होते. त्यांना बेचव मुगाचं पाणी दिलं की ते सिस्टरला विचारायचे, "पोरी, हिरवी मिरची न्हाई का गं एखादी? नुसती हुंगायला दे." मला हसू यायचं, आणि हसताना छातीत काही तुटंल की काय म्हणून मी तोंड दाबून हसायची. तिसऱ्या दिवशी त्यांचा पलंग रिकामा दिसला. मी लगेच सिस्टरला हाक मारली. मग कळलं, त्यांना जनरल वॉर्डात नेलंय आणि तिथं जाऊन ते चटणी मागून राह्यले.

ह्यांना दिवसातून दोनदा आत सोडायचे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"अंबडला डॉक्टरांनी विचारलं तवा तुम्ही गप्प कामून बसले?"

ह्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "मला वाटलं, मी बोललो तर ते खरं होईल."

"आन न बोलल्यानं खोटं झालं असतं का?"

"न्हाई." नाक पुसलं. "मी भेलो होतो, शोभा. लई भेलो होतो."

भ्यायला मीसुद्धा भ्याले होते. तरी मी तोंड फिरवून घेतलं. भीतीचं मला समजतं, पण त्या पलंगावर हे नव्हते, मी होते. हे मी ह्यांना तेव्हाच सांगितलं, आणि इथं लिहू का म्हणून विचारलं तर "लिही" म्हणाले. अजूनही कधीकधी भाकरी थापताना ते "तसं काही न्हाई" मला ऐकू येतं. तेव्हा मी ह्यांच्याशी दिवसभर बोलत नाही. हे पण काही विचारत नाहीत, गुमान भांडी घासायला बसतात.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःचं रक्त दिलं. सकाळी चहा न घेता आले, खुर्चीत बसले, मान वळवली आणि अश्विनीचा हात घट्ट धरला. सुनेचा! रिपोर्ट आला, तर ह्यांचंही वाढलेलं. माझ्याइतकं नाही, पण गोळी सुरू करण्याइतकं. सहा महिने ज्याला मी मनातून ठणठणीत समजत होते त्याचं खरं तर कुणी तपासलंच नव्हतं. आता दोन पाकिटं येतात. दोन्हींवर नावं मी स्वतः पेनानं घातलीयत.

घरी आले तेव्हा आत्याबाई दारात बसून होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. ह्यांना म्हणाल्या, "सहा महिने मी चुकीच्या ताटातलं तेल मोजलं रे. तू मोजू दिलं." आणि उठून आत गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच भाजी होते, सगळ्यांना कमी तेलाची. कुरकुर सगळ्यात जास्त आत्याबाईंचीच.

पुढच्या शिबिराला मी डॉक्टरांना म्हणलं, कार्डं मी वाटते. माणशी एक देते, हातात देते, आणि बाई घरात नसंल तर तिचं कार्ड नवऱ्याकडं ठेवत नाही, परत जाते. वाटताना कळलं, आमच्या गावात आम्ही एकटेच नव्हतो. एकीकडं मुलानं बापाच्या नावावर रक्त दिलं होतं, एकीकडं भावानं भावाच्या. ते सगळं पुन्हा तपासावं लागलं.

पाहुणे

आता शेवटचं. बरी झाल्यावर भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. जिना चढताना आहे, जेवल्यावर आहे, घरात कुणी नसताना तर फारच.

परवा जावेच्या माहेरचे दहा-बारा पाहुणे जेवायला आल्ते. पाटावर पंगत बसलेली, मी वाढून राह्यले होते. पोळीचा डबा हातात, आणि जबड्यात ओढ आली. थोडीशीच. जुनी सवय लगेच म्हणाली, पाहुण्यांचं होऊ दे, मग बघू. सगळ्यांचे घास तोंडाशी होते. मला वाटलं, उगीच असंल, आणि उगीच निघालं तर हसं होईल. मी डबा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणलं, "माझं दुखतंय."

पंगत उठली. ह्यांनी हातही धुतला नाही, तशाच खरकट्या हातानं गाडीची किल्ली घेतली. अंबडपर्यंत हे सारखे विचारत होते आणि मी सारखी सांगत होते, आत्ता दुखतंय, आत्ता कमी झालं, आत्ता पुन्हा.

पट्टी काढली. नीट होती. रक्त तपासलं, थांबवून ठेवलं, पुन्हा पट्टी काढली. तीही नीट. साधं पित्त. मला तोंड कुठं लपवू असं झालं. तिकडं पाहुणे उपाशी, पोळ्या गार, आणि इकडं मी धडधाकट.

मी म्हणलं, "डॉक्टर, उगीच आले हो मी. सगळ्यांना ताप दिला."

डॉक्टर पट्टीची घडी घालत म्हणाले, "वहिनी, उगीच आलेलं माणूस मला आवडतं. ते आपल्या पायानं घरी जातं."

मी पलंगावरून उतरले, चपला घातल्या आणि आपल्या पायानं बाहेर आले.